बंदूक नागपुरात, लायसन्स पुण्यात

परवा बंदूकवाल्याचा फोन आला. म्हणे हवालदार साहेब, सहा महिने भरले, पुढचं भाडं देता का बंदूक नेता? मी म्हटलं भाडं देतो, राहू दे अजून. तो काही बोलला नाही, त्याला काय, त्याचा धंदा. पण फोन ठेवल्यावर वाटलं हे एकदा लिहूनच टाकावं, कारण आमच्या गार्ड कंपनीतला एक जण, तोही रिटायर फौजीच, दोन वेळा विचारून गेला की साहेब तुम्ही बंदूक घरातून काढून दुकानात जमा केली ती काहून, नेमकं काय केलं होतं, अन दोन्ही वेळा मी त्याला अर्धंच सांगितलं. आता पूर्ण सांगतो. मोबाईलवर टाइप करून राहिलो, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी १९९७ ला कामठीला फौजेच्या गार्ड्स रेजिमेंटच्या सेंटरला रिक्रूट म्हणून गेलो अन २०२१ ला हवालदार होऊन घरी आलो. चोवीस वर्षं. घर झिंगाबाई टाकळीकडे, बायको, एक पोरगी पुण्यात नोकरीला. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने लय छान वाटते, सकाळी तर्री पोहे, दुपारी झोप, लोकं साहेब साहेब करतात. मंग घरच्यांनाही आपला कंटाळा येते अन आपल्यालाही. तेव्हा माझ्यासारखे बहुतेक जण करतात तेच मीही केलं, बारा बोरची डबल बॅरल घेतली, लायसन्स केलं, अन गनमॅन म्हणून लागलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बँक, कॅश व्हॅन, सोन्याचं दुकान, यांना स्वतःची लायसन्सवाली बंदूक असलेला एक्स-सर्व्हिसमन पाहिजे असतो. मला बंदुकीसकट १९ हजार मिळत होते, बिनाबंदुकीचे १३. म्हणजे बंदूक ही आमच्या घरात शोभेची वस्तू नव्हती, महिन्याचे सहा हजार कमावणारी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळे म्हणतील की काढून टाकायची ना सरळ, त्यात काय.

ती कुठं राहायची? बेडरूममध्ये पलंगामागे भिंतीला टेकून, कापडी कव्हरात. काडतुसं त्याच खोलीतल्या कपाटात. लायसन्सच्या अर्जाबरोबर डॉक्टरचं शरीराचं अन मनाचं सर्टिफिकेट लागते, अन बंदूक सुरक्षित ठेवीन अशी हमी लिहून द्यावी लागते, २०१६ च्या नियमांपासून तसं आहे. मी दिली होती लिहून. कोण नाही देत.

गंमत पाहा, फौजेत मी असं कधीच ठेवलं नसतं. तिथं कोत असते. कोत म्हणजे युनिटचं शस्त्रागार, पण आमच्यासाठी तो शब्द म्हणजे एक शिस्तच. पीस स्टेशनला, म्हणजे जिथं लढाई नसते तिथं, हत्यार कोतात, काम असलं की बट नंबर (बंदुकीच्या दस्त्यावरचा नंबर) सांगून, रजिस्टरमध्ये सही करून घ्यायचं, काम झालं की साफ करून जमा, परत सही. कर्नल साहेब असो की कालचा रिक्रूट, नियम एकच. चोवीस वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की हत्यार जमा करून घेतात म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. उलट खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं वाटायचं, आता लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, जाऊन निवांत जेवायचं. अन हाच माणूस घरी आल्यावर पलंगामागे बंदूक टेकवून झोपते.

फौजेत आमच्या कंपनीत एक सुभेदार साहेब होते, साताऱ्याकडचे. त्यांची एक सवय होती. सुट्टीवरून आलेल्या पोराला पहिले तीन-चार दिवस संतरी ड्युटी लावायचे नाहीत (नागपूरवाल्यांनो, संत्री नाही, संतरी, म्हणजे हत्यार घेऊन पहारा). लंगरमध्ये भाजी चिरायला, नाही तर स्टोअरमध्ये चादरी मोजायला. अन संध्याकाळी स्वतः चहाचा मग घेऊन त्याच्याजवळ बसायचे, घरी म्हैस किती दूध देते, भावाशी बोलणं झालं का, बायको माहेरी तर नाही ना गेली. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला चौकशा करायची हौस आहे. एका वर्षी ते स्वतः सुट्टीवर असताना माझा एक जोडीदार घरून परतला. चुपचाप होता, आम्ही त्याची मस्करी केली की भाभीची आठवण येऊन राहिली का बे. त्याला आल्या आल्या हत्यारी ड्युटी लागली. तो राहिला नाही. याच्यापुढं त्या गोष्टीबद्दल मी लिहित नाही. सुभेदार साहेब परत आल्यावर कोणाला काही बोलले नाहीत, फक्त ड्युटीचं रजिस्टर मागवून खूप वेळ पाहत बसले, ते मला अजून दिसते.

आता माझं. कारण एक नव्हतं, म्हणून सांगताही येत नव्हतं. काटोलकडच्या वावराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी बोलणं बंद झालं, तारखांवर तारखा. नाइट ड्युटीनं झोपेचं वाटोळं. कँटीनच्या कोट्यातली रम आधी रविवारी, मंग एक दिवस आड, मंग रोज. पोरगी पुण्याला गेली तेव्हापासून घर सुनं. रात्री दोनला डोळा उघडायचा तो उघडाच, अन डोक्यात एकच टेप, की आता आपला काही उपयोग नाही, आपण ओझं झालो. हे वाक्य लक्षात ठेवा, ‘ओझं झालो’, कारण पुढं समुपदेशनवाल्या मॅडमनी मला सांगितलं की माणूस असं बोलायला लागला की समोरच्यानं कान उभे करायचे असतात.

फेब्रुवारीत एका रात्री मी बंदूक साफ करायला बसलो. साफ करायची गरज नव्हती, आदल्याच रविवारी केली होती. बायकोला जाग आली. ती दारात उभी राहिली, ओरडली नाही, रडली नाही, म्हणे, अहो, चहा टाकू का? रात्री अडीच वाजता. आम्ही दोघं सकाळपर्यंत सैपाकघरात बसलो, तीन वेळा चहा झाला, बोललो काहीच नाही. सकाळी ती म्हणे, ती बंदूक घरात नको आता. मी चिडलो. तुला काय वाटते मी येडा झालो का, चोवीस वर्षं हत्यार सांभाळलं, तू मला शिकवते का, पोटावर लाथ मारते का. जे काही बोलायचं ते सगळं बोललो. ती म्हणे ठीक आहे, मंग कपाटात कुलुपात ठेवा अन चावी माझ्याजवळ द्या. एवढ्यावर तोड झाली.

चावी तिनं तूरडाळीच्या डब्यात ठेवली होती. मला तिसऱ्या दिवशी सापडली. चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला सैपाकघरातली चावी सापडणार नाही का हो. घेतली नाही, परत तिथंच ठेवली, पण मला माहीत होतं ती कुठं आहे अन मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. ते दिवस लय वाईट होते.

शेवटी झोपेची गोळी मागायला मी ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकला गेलो. छातीत धडधड होते, झोप येत नाही, एवढंच सांगितलं. डॉक्टरनी बीपी घेतला, ईसीजी काढला, मंग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाले की साहेब मी तुम्हाला मनाच्या डॉक्टरकडं पाठवतो. माझ्या पोटात गोळा. फौजेत तब्येतीची कॅटेगरी असते, त्याला शेप म्हणतात, त्यातला पहिला एस म्हणजे डोकं-मन. एस खराब झाला की पोरं ‘सायको केस’ म्हणून चिडवतात, हत्यार मिळत नाही, प्रमोशन अडकते. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती पण भीती तिथंच बसलेली. परत वरून हे की आर्म्स ॲक्टमध्ये मन ठिकाणावर नसलेल्याला लायसन्स देऊ नये असं लिहिलेलं आहे, म्हणजे कागदावर काही आलं की बंदूक गेली, अन बंदूक गेली की सहा हजार गेले. बायको सोबत नसती तर मी तिथूनच घरी आलो असतो, हे खरं.

मनाच्या डॉक्टरनी औषध लिहिलं अन समुपदेशन करणाऱ्या एका मॅडमकडं बसवलं. वय पस्तीस-छत्तीस, बोली आपलीच. मला वाटलं आता ही बाई लहानपणापासूनचं विचारंल. तिनं दहाव्या मिनिटाला सरळ विचारलं, काका, स्वतःला संपवून टाकावं असं मनात येते का? मी गप्प. चोवीस वर्षांत, अन त्यानंतर चार वर्षांत, मला कोणीच हे इतकं सरळ विचारलं नव्हतं, सगळे म्हणायचे टेन्शन घेऊ नको. मी म्हटलं, येते. अन हे सांगून टाकल्यावर घाम फुटला पण हलकंही वाटलं. नंतर तिनंच सांगितलं की लोकांना वाटते विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घुसेल, तसं होत नाही, उलट बोलायला दार उघडते.

दुसरा प्रश्न, घरात काय काय आहे? मला कळलं नाही. ती म्हणे फवारणीचं औषध, जास्तीच्या गोळ्या, हत्यार. मी बंदुकीचं सांगितलं अन लगेच तयारी करून बसलो की आता ही म्हणेल जप्त करा. ती म्हणाली, तुमच्या फौजेत रात्री हत्यार कुठं ठेवतात? मी कोत सांगितला. पाच मिनिटं तिनं मला कोताबद्दलच बोलू दिलं, रजिस्टर, सही, बट नंबर, सगळं. मंग म्हणे, मग तुमच्या घरचा कोत कुठं आहे?

याला म्हणतात पकडणं.

त्यानंतर तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. माणसाचं दुःख वर्षानुवर्षं चालते पण तो एक क्षण, जेव्हा हात खरंच उठतो, तो लय छोटा असते. ऑस्ट्रियात असा प्रयत्न करून वाचलेल्या ८२ जणांना विचारलं की विचार आला तेव्हापासून किती वेळात हे केलं, तर जवळजवळ निम्मे म्हणाले दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. दहा मिनिटं. आमचा चहा होत नाही तेवढ्यात. बाकीच्या बऱ्याच मार्गांत माणूस वाचू शकते, मन बदलू शकते, कोणी धावून येऊ शकते. बंदूक तो वेळच देत नाही, तिच्यातून वाचणारे फार थोडे. अन जे एकदा वाचतात त्यातले दहातले नऊ पुढं कधीही आत्महत्येनं जात नाहीत. म्हणजे ती दहा मिनिटं काढून द्यायची. दुःखावरचं औषध वेगळं, ते चालूच राहील, पण ती दहा मिनिटं आधी.

मी म्हटलं मॅडम, ज्याला मरायचं तो दुसरा रस्ता काढेल. हे सगळेच म्हणतात, मीही म्हटलं. ती म्हणे मलाही आधी तसंच वाटायचं. मंग तिनं इस्रायलचं सांगितलं. तिथं फौजेतली पोरं आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत होती. २००६ मध्ये नियम केला की घरी जाताना हत्यार बेसवर ठेवून जायचं. एवढाच बदल. पोरं तीच, टेन्शन तेच, अन तरुण सैनिकांच्या आत्महत्या साधारण ४० टक्क्यांनी कमी झाल्या, अन कमी झाल्या त्या मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतल्याच. दुसरा रस्ता शोधला असता तर आकडा तेवढाच राहायला पाहिजे होता ना. मंग श्रीलंकेचं, तिथं सर्वात जहाल कीटकनाशकांवर १९९५ पासून बंदी आणत गेले अन दहा वर्षांत देशाच्या एकूण आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. हे ऐकून मी गप्प झालो, कारण मी काटोलकडचा आहे, फवारणीच्या औषधाच्या डब्यानं काय होते ते विदर्भातल्या माणसाला बाहेरच्या देशानं शिकवायची गरज नाही. आमच्या मामाच्या घरी मामी तो डबा शेजारच्या घरात ठेवायची. कोणी तिला शिकवलं नव्हतं.

बाई हुशार होती. एकदाही ‘काढून टाका’ म्हणाली नाही, ‘जमा करा’ म्हणाली. जमा हा आमचा शब्द आहे. जमा केलेलं परत मिळते, अन जमा करण्यात कोणाचं नाक कापलं जात नाही. बायको तेच म्हणत होती पण तिचा शब्द ‘नको’ होता, म्हणून मी भांडलो. शब्दाचा एवढा फरक पडते हे मला या वयात समजलं.

मंग एक पोस्टकार्डाएवढा कागद दिला अन म्हणे मी नाही लिहिणार, तुम्ही लिहा. पहिलं, वाईट वेळ येऊन राहिली हे तुम्हाला कशावरून कळते? मी लिहिलं, रात्री दोनला जाग, ‘ओझं’ हा शब्द, भावाचा फोन आला की. दुसरं, तेव्हा एकट्यानं काय करू शकता? मी लिहिलं, थंड पाण्यानं तोंड धुणं, गच्चीवर चकरा, बूट पॉलिश (हसू नका, बूट पॉलिश करताना माझं डोकं शांत होते). तिसरं, कोणाला फोन करणार? तिथं पेन थांबला. बायको, पोरगी, अन बराच वेळ विचार करून सुभेदार साहेब. चौथं, जगायचं कशासाठी? हे मी इथं लिहीत नाही. शेवटी टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येते, अन २०२३ च्या डिसेंबरपासून फौजेसाठी पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) त्यांचा वेगळा कक्षही आहे. कार्ड साधं आहे पण हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत फोर्ट कार्सनला ९७ सैनिकांवर हे करून पाहिलं होतं, २०१७ मध्ये छापून आलं, एका गटाकडून ‘मी काही करणार नाही’ असं वचन घेतलं अन दुसऱ्या गटाला असं कार्ड लिहायला लावलं, तर सहा महिन्यांत कार्डवाल्यांत प्रयत्न ७६ टक्के कमी झाले. वचनापेक्षा कार्ड भारी. मला हे पटते. ‘बहादुरीनं लढू’ असं वचन देऊन कोणी लढत नाही, आधी ड्रिल पाठ पाहिजे, की असं झालं तर असं करायचं.

तरी मी बंदूक जमा केली नाही. दोन महिने. कार्ड पाकिटात, बंदूक कपाटात, चावी डाळीत. रम मात्र बंद केली, त्या महिन्याच्या कोट्याची कँटीनमधून उचललीच नाही.

तोड काढली बायकोनं. एप्रिलमध्ये ती सहज म्हणाली, गेल्या वर्षी लोकसभेच्या वेळी तुमची बंदूक ठाण्यात होती तेव्हा घर किती हलकं होतं. मला आठवलं. २०२४ च्या मार्चमध्ये आचारसंहिता लागली तेव्हा मी दोन ड्युट्यांच्या मधात रिकामा होतो, जमा करा म्हणून निरोप आला, गेलो अन दिली. १९ एप्रिलला आपलं मतदान झालं, ४ जूनला निकाल, त्यानंतर परत आणली. त्या पावणेतीन महिन्यांत कोणी विचारलं नाही काहून जमा केली, सगळ्यांचीच जमा होती, मलाही लाज वाटली नाही. तीच बंदूक, तेच ठाणं. फक्त तेव्हा हुकूम होता अन आता स्वतः ठरवायचं होतं. माणसाला हुकूम सोपा जाते.

त्याच आठवड्यात मी कार्डावरचा तिसरा नंबर फिरवला. सुभेदार साहेब आता सत्तरी पार, ऐकू कमी येते. मला वाटलं होतं विषय कसा काढू, पण सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, ‘हवालदार, हत्यार कोतात जमा कर अन मला रिपोर्ट दे.’ बस. डॉक्टर, मॅडम, बायको, तिघं जे दोन महिने सांगून राहिले होते ते एका वाक्यात झालं. मॅडमला सांगितलं तर ती हसली, म्हणे यावरही अभ्यास आहे, बंदूक ठेवणारी माणसं बंदुकीच्या बाबतीत डॉक्टरपेक्षा फौजी अन पोलिसवाल्याचं जास्त ऐकतात.

आता प्रत्यक्ष जमा करायचं. इथं आपलं अन अमेरिकेचं वेगळं. तिकडं म्हणतात काही दिवस मित्राकडं ठेव. आपल्याकडं तसं अजिबात करू नका, बिनालायसन्सच्या माणसाकडं बंदूक काय काडतूससुद्धा ठेवलं तर तो अन तुम्ही दोघंही आर्म्स ॲक्टमध्ये अडकता. माझा साळा बिचारा तयार झाला होता, मीच नाही म्हटलं. जागा दोनच, पोलीस ठाणं नाही तर लायसन्सवाला बंदूक दुकानदार.

मे महिना, ऊन पंचेचाळीसच्या आसपास. मी, बायको अन कव्हरातली बंदूक, ऑटोत. मानकापूर चौकात सिग्नलला ऑटोवाला आरशातून पाहून म्हणे, साहेब बँकेत आहे का? मी म्हटलं हो. म्हणे माह्यासाठी पाहा ना एखादी जागा, बंदूक नाही पण मिशा आहेत. बायको त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

ठाण्यातल्या जमादारानं अर्ज पाहिला, म्हणे काका, मनपाच्या निवडणुकीला अजून टाइम आहे, आत्ताच काहून आणली? मी तयारी करून गेलो होतो, अर्जात लिहिलं होतं की घरी सुरक्षित ठेवायची सोय नाही. ते खोटंही नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, अन आवाज खाली करून म्हणे, आमच्या इथं खोली ओलसर आहे, पावसाळ्यात गंज चढेल, दुकानदाराकडं ठेवा, तो तेलपाणी करते, पावती घ्या अन एक झेरॉक्स आम्हाला आणून द्या. त्याला समजलं होतं असं मला वाटते. त्यानं कारण परत विचारलं नाही, अन पाणी पाजलं.

दुकानात पंधरा मिनिटांचं काम. त्यानं बंदूक उघडून रिकामी आहे ते पाहिलं, नंबर लायसन्सशी जुळवला, काडतुसं मोजली, रजिस्टरात लिहिलं, माझी सही घेतली. लाल रेघांचं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. सही करताना हात थोडा थांबला, कोताच्या रजिस्टरासारखंच होतं ते. बाहेर येऊन सुभेदार साहेबांना फोन केला, ‘साहेब, हत्यार जमा.’ तिकडून, ‘शाबास. जेवलास का?’

पण एक भोक राहिलं होतं. लायसन्स दाखवलं की दुकानदार बंदूक परत देणार, त्याला नाही म्हणायचं कारण नाही. म्हणजे दुकान घरापासून अर्ध्या तासावर, अन लायसन्स माझ्या खिशात. मॅडमला विचारलं तर म्हणे तुम्हीच सांगा. मी रात्रभर विचार केला अन पोरीला पुण्याला लायसन्सचं पुस्तक पाठवून दिलं. तिला सगळं सांगितलं, फोनवर रडली, मंग म्हणे बाबा, मी माझ्या डिग्रीच्या फायलीत ठेवते. आता बंदूक नागपुरात, लायसन्स पुण्यात, मध्ये रात्रभराची गाडी. वाईट वेळेतल्या माणसाला तिकीट काढून, बर्थवर झोपून, पोरीच्या हातची पोळी खाऊन, परत यावं लागेल. कोण जाते एवढं.

यानं सगळं चांगलं झालं असं नाही. तेरा हजारावर आलो. कंपनीच्या सुपरवायझरनं चार लोकांत विचारलं, हवालदार साहेब, बंदूक विकून खाल्ली का? मी म्हटलं सर्व्हिसिंगला टाकली. दोन महिने हेच खोटं बोलत होतो. भावाची केस तिथंच आहे. गोळ्या चालू आहेत, त्यांचं पाकीट बायको आठवड्याचं आठवड्याला काढून देते. जुलैमध्ये एक रात्र परत तशी आली, दोनला जाग, तीच टेप. मी उठलो, तोंड धुतलं, गच्चीत गेलो, पाऊस होता म्हणून खाली आलो अन बूट काढले पॉलिश करायला. एक जोडी झाली, दुसरी झाली, मंग बायकोच्या चपलाही पॉलिश केल्या, त्या रेक्झिनच्या होत्या, खराब झाल्या. पावणेचारला झोप लागली. सकाळी ती चपला पाहून चिडली, मी कारण सांगितलं, तं ती चपलांकडं पाहत राहिली. त्या रात्री बंदूक पलंगामागं असती तर, हा विचार मी करत नाही, पण येते कधी कधी.

२०२१ मध्ये राज्यसभेत सांगितलं होतं, आधीच्या सात वर्षांत आर्मीत ५९१, हवाई दलात १६० अन नेव्हीत ३६ जवानांनी आत्महत्या केल्या. निमलष्करी दलांचा २०१८ ते २०२२ चा आकडा ६५४. यातले सगळे काही हत्यारानं नसतील, पण हे सगळे नोकरीतले. तिथं निदान कोत आहे, एखादा सुभेदार आहे. आमच्यासारखे घरी आलेले, बारा बोर पलंगामागं टेकवून नाइट ड्युटी करणारे, त्यांचा आकडा यात नाही. म्हणून कंपनीतल्या त्या माणसाला म्हणतो, तू दोन वेळा विचारलंस, तिसऱ्यांदा विचारू नको, रविवारी मी सोबत येतो.

न्यायच्या गोष्टी: लायसन्स मूळ अन दोन झेरॉक्स, आधार, साधा अर्ज दोन प्रतीत. बंदूक रिकामी, काडतुसं वेगळ्या पिशवीत, आदल्या दिवशी दुकानदाराला फोन. पावतीवर नंबर नीट वाचून घे, माझ्या पावतीवर एक आकडा चुकला होता, परत जावं लागलं. मला महिन्याला तीनशे पडतात, सहा महिन्यांचे एकदम दिले तर दीडशे सोडते. अन दुकान एक ते चार बंद असते, आम्ही दोघं उन्हात शटरसमोर उभे होतो, तू सकाळीच ये.